पंचवीस टक्क्यांची रेघ

१९८४ साली संयुक्त अरब अमिरातीने आपला संघीय कंपनी कायदा केला. त्याच्या बाविसाव्या कलमात म्हटले होते की देशात स्थापन होणाऱ्या कंपनीच्या भांडवलातला किमान ५१ टक्के हिस्सा अमिराती नागरिकाचा असलाच पाहिजे. दुबईत, शारजात, अबुधाबीत वर्कशॉप, कंत्राटी फर्म किंवा ट्रेडिंग कंपनी काढायला आलेल्या परदेशी माणसाची जागा त्या एका कलमाने पुढची जवळजवळ सदतीस वर्षे ठरवून टाकली. पैसा त्याचा, उधारी त्याच्या डोक्यावर, गिऱ्हाईक त्याने जोडलेले, गोदामाची किल्ली त्याच्या खिशात. कागदावर मात्र तो ४९ टक्क्यांचा, म्हणजे अल्पमतातला भागीदार.

अल्पमतातल्या भागीदारावर काय ओढवू शकते हे कंपनी चालवलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. बाकीचे एकत्र बसतात, भांडवल वाढवायचा ठराव करतात, नवे हिस्से आपापल्या नावावर चढवतात, आणि चोवीस टक्केवाला बारा टक्क्यांवर येतो. तिजोरी फुटलेली नसते, खात्यातून दमडी हललेली नसते, सगळे सहीशिक्क्यानिशी झालेले असते. तरीही ही लूटच असते, आणि ती बहुधा ओळखीच्या, विश्वासातल्या माणसांकडून झालेली असते, म्हणून जास्त लागते. अमिरातीत या लुटीला आडकाठी कशी उभी राहत गेली, ती कुणाला मिळाली आणि कोण त्या आडोशाबाहेर राहिले, त्याची ही हकीकत.

कायदा येण्यापूर्वी त्या किनाऱ्यावर भागीदारी नव्हती असे अजिबात नाही. भागीदारीवाचून तिथे काहीच चालत नव्हते. उन्हाळ्यात मोत्यांच्या शोधात निघणाऱ्या गलबतावर नाखवा, पाण्यात बुडी मारणारे आणि त्यांना दोराने वर ओढणारे, प्रत्येकाचा वाटा ठरलेला असे. हंगामाआधी उचल मिळे. हंगाम सरला की मोत्यांच्या विक्रीतून उचल वळती करून घेत आणि उरलेले वाटत. पण हिशेब नाखव्याकडे किंवा त्याला पैसा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडे असायचा. बुडी मारणाऱ्याच्या पदरात कितीदा तरी वाट्याऐवजी पुढच्या सालाचे कर्ज पडे. हे मोती मुंबईच्या बाजारात येत आणि आखातातले मोठे व्यापारी मुंबईत घरे करून राहत. १९२९ नंतरच्या मंदीने आणि जपानच्या कल्चर्ड मोत्यांनी तो धंदा बसवला. वाटा ठरलेला असला तरी वही दुसऱ्याच्या हातात असली की वाट्याला काय अर्थ राहतो, हा प्रश्न मात्र धंद्याबरोबर बुडाला नाही.

मुंबईशी नाते त्यानंतरही सुटले नाही, कारण त्या किनाऱ्यावर चलनच आपले होते. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा काढत असे आणि दुबईच्या बाजारात त्याच चालत. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. दुबईच्या व्यापाऱ्याच्या पेटीतल्या नोटा तेवढ्याच राहिल्या, पण त्यांचे मोल एका फटक्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरले. दिल्लीतल्या त्या निर्णयात त्यांना कुणी विचारले नव्हते. हिस्सा पातळ होण्याचा अर्थ कुणाला समजावून द्यायचा असेल तर मी याच दिवसाचे उदाहरण देतो: हातातला आकडा तोच असतो, त्याच्या पाठीमागचे वजन दुसऱ्यांच्या ठरावाने गेलेले असते. दुबईने धडा घेतला, त्याच वर्षी रुपया सोडला आणि कतारबरोबर स्वतःचा रियाल काढला. १९७३ मध्ये दिरहम आला.

तोवर राज्यव्यवस्थाही बदलली होती. ब्रिटिश अंमलात परक्या व्यापाऱ्यांचे बरेचसे तंटे ब्रिटिश अधिकाऱ्याच्या न्यायालयात जात. २ डिसेंबर १९७१ रोजी संघराज्य झाले आणि तो अध्याय संपला. त्यानंतर तेलाच्या पैशाने माणसांचा लोंढा आणला. १९७५ च्या जनगणनेत साडेपाच लाखांवर असलेली लोकसंख्या १९८५ मध्ये पावणेचौदा लाखांच्या पुढे गेली, आणि तीत अमिराती नागरिक तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरले.

५१ टक्क्यांचे कलम या आकड्यांशेजारी ठेवून वाचावे लागते. आपल्याच देशात अल्पसंख्य झालेल्या लोकांनी कंपन्यांतले बहुमत कायद्याने राखून घेतले. त्यांना परक्यांचा द्वेष होता म्हणून हे झाले, असे मी म्हणणार नाही. आपणही तेच केले होते. १९७३ च्या ‘फेरा’ कायद्याने आपण परदेशी कंपन्यांना बहुतेक धंद्यांत ४० टक्क्यांवर आणले आणि त्यातूनच पुढे कोका-कोला आणि आयबीएम देश सोडून गेल्या. फरक एवढाच की आपल्याकडे ते कलम बड्या विलायती कंपन्यांना लागले. अमिरातीत ते रत्नागिरीहून, मलप्पुरमहून, कराचीहून आलेल्या, गाठीला थोडे पैसे बांधून उभ्या राहिलेल्या माणसालाही तसेच्या तसे लागले.

त्याच १९८४ साली धनंजय दातार वडिलांच्या बर दुबईतल्या किराणा दुकानात हाताखाली आले. पुढे त्यातून ‘अल अदील’ उभे राहिले. मराठी माणसाच्या दुबईची ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण दुकान उभे करण्याच्या कथा जेवढ्या सांगितल्या जातात, तेवढ्या कंपनीच्या कागदांच्या सांगितल्या जात नाहीत. आणि माणूस तरतो की बुडतो हे पुष्कळदा त्या कागदांत ठरलेले असते.

कागद साधारण असा असे. मर्यादित जबाबदारीची कंपनी, भागीदार किमान दोन, जास्तीत जास्त पन्नास. भांडवल किमान दीड लाख दिरहम, दुबईत तीन लाख. ही अट २००९ मध्ये उठली. एमओए, म्हणजे कंपनीचा स्थापना-करार, अरबीत, नोटरीसमोर सह्या. त्यात लोकल पार्टनर ५१, परदेशी ४९. आणि त्याच्या पाठोपाठ, नोटरीकडे न जाणारा दुसरा कागद, ज्याला सगळे साइड ॲग्रीमेंट म्हणत. त्यात लिहिलेले असे की लोकल पार्टनरने प्रत्यक्षात पैसा घातलेला नाही, तो दरसाल अमुक रक्कम घेईल, नफ्यावर दावा सांगणार नाही, रोजच्या कारभारात पडणार नाही. सोबत एक पॉवर ऑफ ॲटर्नी. नफ्याची वाटणी भांडवलाच्या प्रमाणातच हवी असे बंधन नव्हते, म्हणून एमओएतच ८०-२० लिहिण्याची उघड वाटही लोक वापरत. डॉक्टर, वकील, सल्लागार अशा पेशांचा रस्ता निराळा होता. त्यांना मालकीत हिस्सा नसलेल्या लोकल सर्व्हिस एजंटवर भागत असे.

कित्येक ठिकाणी हे नाते पिढी-दोन पिढ्या सरळ चालले. स्पॉन्सर, म्हणजे तो लोकल पार्टनर, लग्नाला आला, अडचणीत सरकारी दारात स्वतः उभा राहिला. ही बाजू सांगितली नाही तर त्या समाजावर अन्याय होईल. पण व्यवस्था माणसाच्या चांगुलपणावर टांगलेली होती. स्पॉन्सर वारला की त्याचे ५१ टक्के वारसा हक्काने बायको-मुलांत वाटले जात. ज्यांनी साइड ॲग्रीमेंट कधी पाहिलेही नाही अशी पाच-सात माणसे एका सकाळी कंपनीची बहुमताची मालक होत. पॉवर ऑफ ॲटर्नी मागे घेता येई. आणि साइड ॲग्रीमेंट घेऊन न्यायालयात जायचे तर पहिला प्रश्न हा की कायद्याला बगल देण्यासाठी केलेल्या कराराला न्यायालयाने दाद का द्यावी? २००४ मध्ये दुसऱ्याच्या नावाआडून धंदा करण्याविरुद्ध स्वतंत्र कायदाच आला. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण ज्याच्या आयुष्याची कमाई त्या दुसऱ्या कागदावर उभी होती त्याची झोप त्याने उडवली.

१९८४ च्या कंपनी कायद्यात आणखी एक तरतूद होती आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा तीच आहे. भांडवल वाढवायचे, कमी करायचे किंवा एमओएत दुरुस्ती करायची तर तीन-चतुर्थांश भांडवलाची संमती लागे. म्हणजे ५१ टक्केवाला एकटा परदेशी भागीदाराचा हिस्सा पातळ करू शकत नव्हता. ४९ टक्के एका हातात असतील तर तो हात ठराव अडवू शकत होता. २५ टक्क्यांच्या वर एवढासा अंश जरी असला तरी माणूस अडवू शकतो. त्याखाली गेला की त्याला विचारण्याची गरज उरत नाही.

आता आपली माणसे धंदा कसा करीत ते पाहा. एकट्याच्या ऐपतीबाहेरचे म्हणून दोघे-तिघे मित्र, मेहुणे, एका गावचे लोक पैसा एकत्र करीत आणि ते ४९ टक्के आपसांत वाटून घेत. समजा एकाने २५ घेतले, दुसऱ्याने १४, तिसऱ्याने १०. पहिला मॅनेजर, कारण त्याला थोडे अरबी येते आणि त्याची स्पॉन्सरशी ओळख. स्पॉन्सरची पॉवर ऑफ ॲटर्नीही त्याच्याच नावाची. स्पॉन्सरचे ५१ आणि स्वतःचे २५ मिळून झाले ७६. बाकी दोघांना न विचारता तो भांडवलाचा ठराव करू शकतो. परदेशी माणसाच्या मनातली सगळी धास्ती लोकल पार्टनरभोवती फिरत राहिली आणि खरा धोका पुष्कळदा शेजारच्या खुर्चीत, मराठीत बोलत बसलेला होता.

असे झाल्यावर दाद कुठे मागायची? १९८५ च्या दिवाणी व्यवहार कायद्यात दोन आधार होते. करार सचोटीने पाळला पाहिजे हा २४६ व्या कलमातला एक, आणि हक्क दुसऱ्याला इजा करण्याच्या हेतूने वापरला तर तो वापर बेकायदा ठरतो हा १०६ व्या कलमातला दुसरा. तत्त्व म्हणून दोन्ही भक्कम. पण त्यावर उभे राहून खटला लढवायचा म्हणजे सगळे कागद अरबीत न्यायचे, न्यायालयाने नेमलेल्या हिशेबतज्ज्ञापुढे वर्षानुवर्षांची बिले मांडायची, त्याच्या अहवालाची वाट पाहायची, आणि मधल्या काळात व्हिसा त्याच कंपनीचा असतो ज्या कंपनीवर दावा लावलाय. मॅनेजरने व्हिसा रद्द केला तर मुलांच्या शाळेपासून घरभाड्यापर्यंत सगळ्याचाच प्रश्न. न्याय मिळेपर्यंत तिथे राहता येईल की नाही हाच पहिला हिशेब असलेल्या माणसाकडून हक्काची लढाई अपेक्षित धरणे क्रूरपणाचे होते. पुष्कळांनी मिळेल तेवढे घेऊन सही केली.

याच काळात त्याच देशात दुसरी जमीन तयार होत होती. १९८५ मध्ये दुबईने जबेल अली बंदराला लागून फ्री झोन काढला. तिथे परदेशी माणूस शंभर टक्के मालक होऊ शकत होता, फक्त शहरातल्या बाजारात थेट माल विकण्यावर मर्यादा होती. त्याहून मोठा बदल २००४ चा. दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटर, म्हणजे डीआयएफसी, उभे राहिले. स्वतःचे कायदे, इंग्रजीत चालणारी स्वतःची न्यायालये, आणि कायदा इंग्लंडच्या वळणाचा. २०१३ च्या कायद्याने अबुधाबीने आपले ग्लोबल मार्केट, एडीजीएम, स्थापले; २०१५ मध्ये ते चालू झाले आणि त्याने तर इंग्लंडचा कॉमन लॉ थेटच लागू करून घेतला. एमओएच्या भाषेत न सांगता येणारी एक गोष्ट त्यामुळे या देशाच्या भूमीवर पोचली: बहुमताने केलेला ठराव नियमात बसत असूनही अन्यायाचा असू शकतो आणि न्यायालय तो मोडू शकते.

ही कल्पना ज्या खटल्यांतून घडली त्यांतले दोन इथे सांगण्यासारखे आहेत. पहिला गालिच्यांच्या व्यापाऱ्यांचा. इब्राहिमी आणि नाझर हे दोघे लंडनमध्ये पर्शियन गालिच्यांचा धंदा बरोबरीने करत होते. १९५८ मध्ये त्यांनी कंपनी केली आणि नाझरचा मुलगा तिसरा संचालक झाला. १९६९ मध्ये बापलेकांनी मिळून इब्राहिमीला संचालकपदावरून काढले. कंपनी नफा लाभांश म्हणून वाटतच नव्हती, संचालकांच्या पगारातून देत होती. म्हणजे पद गेले तसे उत्पन्नही गेले, आणि हातात राहिले नुसते शेअर. नियमाप्रमाणे सगळे ठीक होते. पण हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७२ मध्ये सांगितले की परस्पर विश्वासावर उभ्या राहिलेल्या कंपनीत नुसता नियम पुरत नाही, आणि कंपनी गुंडाळण्याचा, मधल्या न्यायालयाने उलटवलेला आदेश पुन्हा लागू केला.

दुसरा १९७६ चा, क्लेमेन्स घराण्याचा. आत्याकडे ५५ टक्के, भाचीकडे ४५. आत्याने ठराव आणला की इतर संचालकांना आणि कामगारांच्या ट्रस्टला नवे शेअर द्यावेत. वर वर पाहता उदार ठराव. कामगारांना मालकीत वाटा मिळतोय, त्यात वाईट काय? पण तो मंजूर झाला असता तर भाची पंचवीस टक्क्यांच्या खाली जाणार होती आणि महत्त्वाचे ठराव अडवण्याची तिची ताकद संपणार होती. न्यायालयाने आकडे पाहिले, हेतू ओळखला आणि ठराव रद्द केला. पंचवीस टक्क्यांची तीच रेघ इंग्लंडच्या कायद्यातही आणि अमिरातीच्या कायद्यातही. पण भाचीसाठी रेघेपलीकडे बघणारा न्यायाधीश होता. बर दुबईतल्या १४ टक्केवाल्या भागीदारासाठी तशी तरतूद नव्हती, आणि त्याच शहरात काही किलोमीटरवर, डीआयएफसीच्या हद्दीत, नंतर ती आली. एकाच गावात दोन न्याय, आणि कोणता मिळणार हे कंपनी कुठल्या पत्त्यावर नोंदली आहे यावर. मला हे कधी पटले नाही.

नव्या जमिनीवरचे नियम हे खायचे दात आहेत की दाखवायचे, याची पहिली मोठी परीक्षा दागिन्यांच्या दुकानावर झाली. आखातात जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी घराला ‘दमास’ हे नाव माहीत आहे. अब्दुल्ला बंधूंची ही कंपनी २००८ मध्ये दुबईच्या आंतरराष्ट्रीय शेअर बाजारात उतरली आणि लोकांनी तिचे शेअर घेतले. ऑक्टोबर २००९ मध्ये बाहेर आले की बंधूंनी इतर भागधारकांची परवानगी न घेता कंपनीतून पैसा आणि सोने काढून घेतले होते. डीआयएफसीच्या नियामकाने, डीएफएसएने, तपास केला. रोकड सुमारे ९ कोटी ९४ लाख डॉलर आणि सोने १,९४० किलोच्या आसपास. सगळे मिळून साधारण साडेसोळा कोटी डॉलर. मार्च २०१० मध्ये बंधूंना लेखी हमी द्यावी लागली: उचललेले परत करायचे, दंड भरायचा, संचालकपदापासून दूर राहायचे. संचालक मंडळ बदलले. २०१२ मध्ये कंपनी कतारच्या एका समूहाकडे आणि इजिप्शियन गुंतवणूकदारांकडे गेली.

दमासमध्ये हिस्सा पातळ केला नव्हता, थेट कोठारात हात घातला होता, आणि म्हणून ते पकडणे सोपे होते. सोन्याचे वजन करता येते. पातळ केलेल्या हिश्श्याचे वजन करायला कुणीतरी कंपनीची खरी किंमत काढावी लागते, आणि घरगुती कंपनीत ती काढायला कुणी बसत नाही. तरी दमासने एक गोष्ट दाखवली: घराण्याच्या मालकीच्या, शहराचे भूषण असलेल्या कंपनीच्या बहुमताच्या मालकालाही छोट्या भागधारकाला उत्तर द्यावे लागू शकते. दुबईत तोवर हे घडलेले माझ्या वाचनात नाही.

आखातातला भारतीय मायदेशी पैसा गुंतवतो तेव्हा तो सुखरूप असतो असे समजू नये. आपल्याकडचा या विषयावरचा सर्वांत ठणठणीत निकाल अनिवासी भारतीयाच्याच खटल्यात लागला. कोचीतले एक हॉटेल. कंपनीचे नाव डेल अँड कॅरिंग्टन. पैसा परदेशातल्या माणसाचा आणि त्याच्या घरच्यांचा, कारभार इथल्या मॅनेजिंग डायरेक्टरचा. बहुमत पैसेवाल्याचे. मग ऑक्टोबर १९९४ मध्ये मॅनेजिंग डायरेक्टरने ६,८६५ नवे शेअर स्वतःला देऊन टाकले आणि पैसेवाला एका झटक्यात अल्पमतात गेला. कंपनी लॉ बोर्डाने चूक मान्य केली, पण तोडगा असा काढला की तक्रारदाराने आपले शेअर त्याच डायरेक्टरला विकून पैसे घ्यावेत. उच्च न्यायालयाने ते उलटवले आणि १३ सप्टेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेअरवाटपच अवैध ठरवले. संचालक कंपनीचा विश्वस्त असतो, स्वतःचे बहुमत करण्यासाठी त्याने शेअर काढू नयेत, आणि ज्याने छळले त्यालाच छळ झालेल्याचे शेअर विकत घेण्याची मुभा देता येत नाही, असे त्याचे सार. त्या निकालापर्यंत पोचायला दहा वर्षे लागली.

अमिरातीच्या मुख्य भूमीवर, म्हणजे लोक ज्याला मेनलँड म्हणतात तिथे, बदल हळूहळू झाला. २०१५ मध्ये नवा कंपनी कायदा आला. त्याने जॉइंट स्टॉक कंपन्यांत नवे शेअर आधी जुन्या भागधारकांना देऊ करण्याचा नियम ठेवला आणि पाच टक्के शेअर असलेल्यांना कारभार आपल्या हिताविरुद्ध चाललाय अशी तक्रार नियामकाकडे नेण्याचा मार्ग दिला. छोट्या मर्यादित कंपनीत तीन-चतुर्थांशाची रेघ कायम राहिली. तिच्याबरोबर एक दिलासा होता, भागीदाराची देणी त्याच्या संमतीवाचून वाढवता येणार नाहीत. म्हणजे नवा पैसा घाल म्हणून जबरदस्ती करता येत नव्हती. पण पैसा न घालणाऱ्याचा हिस्सा घटण्यापासून तो दिलासा वाचवत नव्हता.

मग तेल उतरले, कोविड आला, शेजारच्या सौदी अरेबियाने गुंतवणूकदारांना बोलावणे सुरू केले. २०१८ मध्ये परदेशी गुंतवणुकीचा कायदा झाला, २०२० मध्ये शंभर टक्के मालकीच्या १२२ कामांची यादी निघाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनी कायद्यातली दुरुस्ती आली. १ जून २०२१ पासून ५१ टक्क्यांची सक्ती बहुतेक धंद्यांतून उठली. संरक्षण, बँका, विमा अशी काही क्षेत्रे मागे ठेवली. २०२१ चा नवा कंपनी कायदा २ जानेवारी २०२२ ला लागू झाला आणि जुन्या कंपन्यांना आपले कागद त्याच्याशी जुळवून घ्यायला एक वर्ष मिळाले.

मराठी मंडळींत तेव्हा आनंद झाला, तो खरा होता आणि न्याय्यही होता. ज्या स्पॉन्सरने वर्षाला रक्कम घेऊन सही केली त्याचे ५१ टक्के आता पुरे मालकीचे करून घेता येत होते. पण हे ५१ टक्के कुणाच्या नावावर घ्यायचे, या एका प्रश्नाने तिघा मित्रांच्या कंपन्यांत नवे भांडण लावले. जुन्या प्रमाणात वाटायचे? की ज्याच्या नावाची पॉवर ऑफ ॲटर्नी होती त्याच्याकडे? स्पॉन्सरला निरोपाची रक्कम ज्याने आपल्या खिशातून दिली त्याने जास्त घ्यायचे?

त्या वेळी काय होऊ शकते त्याचा हिशेब मांडून दाखवतो. तीन भागीदार, ४०, ३६ आणि २४ टक्के. कागदावरचे भांडवल अजून तेच जुने तीन लाख दिरहम. धंद्याची बाजारातली किंमत साठ लाख. २४ टक्केवाल्याच्या हिश्श्याचे मोल १४ लाख ४० हजार. पहिले दोघे मिळून ७६ होतात. ते ठराव करतात: भांडवल तीन लाखांनी वाढवू, नवे हिस्से मूळ दर्शनी किमतीला. पैसे सात दिवसांत भरायचे. तिसरा भारतात, आईच्या आजारपणात अडकलेला. किंवा त्याला नोटिशीतला अर्थच कळत नाही, कारण भांडवल वाढणे म्हणजे कंपनी वाढणे असे त्याला वाटते. तो भरत नाही. किंवा दोघे नवा पैसा घालतच नाहीत, कंपनीकडे असलेली आपली जुनी कर्जे भांडवलात वळवतात. आता भांडवल सहा लाख, त्याचे हिस्से तेवढेच, म्हणून तो १२ टक्क्यांवर. कंपनीची किंमत नव्या पैशासह ६३ लाख धरली तरी त्याचा वाटा उरतो ७ लाख ५६ हजार. गेले ६ लाख ८४ हजार दिरहम. नवे हिस्से दर्शनी किमतीऐवजी खऱ्या किमतीला काढले असते तर त्याची टक्केवारी थोडी घटली असती, पण मोल जवळपास जागेवर राहिले असते. म्हणून भांडवलवाढीत ‘किती’पेक्षा ‘कुठल्या भावाने’ हा प्रश्न आधी विचारायचा असतो, आणि आपल्या लोकांत तो शेवटी विचारला जातो.

हे रोखण्याची साधने आता आहेत. कायदा म्हणतो तीन-चतुर्थांश, पण भागीदारांनी एमओएत त्याहून जास्त संमती लिहून घेतली तर ती चालते. नवे हिस्से आधी सर्वांना प्रमाणात देऊ करणे, स्वतंत्र मूल्यांकन, नोटिशीची मुदत, मोठा विकतो तेव्हा छोट्यालाही त्याच भावात विकता येणे, हे सगळे लिहिता येते. जानेवारी २०२३ पासून घराण्यांच्या कंपन्यांसाठी वेगळा कायदा लागू झाला आणि २०२५ च्या दुरुस्तीने हिश्श्यांचे वेगवेगळे वर्ग आणि बरोबरीने विकण्याचे हक्क मेनलँडच्या एमओएतही ठेवायची मोकळीक दिली. जे डीआयएफसी आणि एडीजीएममध्ये वीस-दहा वर्षे होते ते आता देरा आणि शारजातल्या दुकानदारालाही मागता येते.

मागता येते, आपोआप मिळत नाही. डीआयएफसीत वा एडीजीएममध्ये अन्यायाने वागवलेला भागीदार न्यायालयाला सांगू शकतो की मी लिहून घेतले नसले तरी हे अन्यायाचे आहे. मेनलँडवर त्याला अजूनही सचोटी आणि हक्काचा गैरवापर यांसारख्या सर्वसाधारण तत्त्वांचा आधार घ्यावा लागतो, अरबीत आणि हिशेबतज्ज्ञाच्या अहवालाच्या भरवशावर. ५१ टक्क्यांचे कलम असताना प्रत्येक परदेशी माणूस निदान सावध होता, कागद जपून ठेवत होता, वकिलाला विचारत होता. ते गेल्यावर, आता सगळे आपलेच, या भावनेने कंपन्या उघडल्या जाताहेत. फॉर्मॅटमधली एमओए, भांडवलाचे कलम न वाचता सही. २४ टक्केवाल्याला आज १९८४ पेक्षा जास्त हक्क आहेत आणि ते वापरायची तयारी मात्र कमी आहे.

ज्यांची कंपनी जुनी आहे त्यांना परवाना, पत्ता, मॅनेजर बदलायला कधी ना कधी नोटरीसमोर जावेच लागते. एमओए तेव्हा उघडलेलीच असते, टायपिस्ट बसलेला असतो, सगळे भागीदार सहीला आलेले असतात आणि बहुधा अजून एकमेकांशी बोलत असतात. भांडवलवाढीच्या कलमात ‘सर्व भागीदारांच्या लेखी संमतीने’ एवढे शब्द त्याच फेरीत घालून घेता येतात. त्याची फी वेगळी लागत नाही.